समजा, समुद्र हाय

भवानीनगरच्या फाट्यावर उतरून कालव्याच्या कडेनं चालायला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. तो ऊस संपला की दुसऱ्याचा ऊस लागतो. आणि त्या उसाच्या मधोमध, समुद्रापासून कित्येक कोस लांब, काल-परवापर्यंत एक लढाऊ जहाज उभं होतं. हसू नका. मी त्या जहाजावर तीन हंगाम गणित शिकवलंय.

जहाज म्हणजे बंद पडलेली पोल्ट्री. पत्र्याच्या दोन लांब शेड, मध्ये मैदान, मैदानात विजेचा एक जुना खांब. शेडमध्ये आधी कोंबड्या होत्या, नंतर पोरं आली. वास तोच राहिला. दारावर बोर्ड होता: 'दर्याबहाद्दर नौदल भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र. निवडीची खात्री.' त्याखाली निवड झालेल्या पोरांचे फोटो. आता खरं सांगायचं तर त्यातला एक पोलिसात गेला होता, एक एसटीत कंडक्टर झाला होता आणि एक कारखान्याच्या गेटवर शिट्टी फुंकत होता. नौदलात एकही नव्हता. पण बोर्ड रंगवणाऱ्यानं सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर नांगर काढला होता. कंडक्टरच्या नांगराचं तर एक टोक डोळ्यात गेलं होतं.

ह्या जहाजाचे कप्तान नामदेवतात्या गावडे. उंची बेताची, मिशी उंचीपेक्षा जास्त. अंगात पांढराशुभ्र पोशाख. त्याला इतकी नीळ घातलेली असायची की उन्हात तात्या निळे दिसायचे आणि सावलीत पांढरे. चालायचे दोन्ही पाय फाकवून, डुलत डुलत. सपाट डांबरी रस्त्यावर लाट नसताना डुलणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात एकतर रात्रीच्या वेळी दिसतो, नाहीतर तात्यांच्या रूपानं दिवसा. आणि आवाज! एकदा त्यांनी मैदानात 'सावधान' म्हटलं तर कालव्यापलीकडं उसाच्या तीन बैलगाड्या जागच्या जागी थांबल्या. गाडीवान सांगतात की त्यातला एक बैल 'विश्राम' ऐकल्याशिवाय अजून चारा खात नाही.

तात्यांची नौदलात पंधरा वर्षं नोकरी झाली, ही गोष्ट खरी. त्यातली किती पाण्यावर झाली हे विचारलं की ते मिशीला हात लावायचे. गोष्ट अशी आहे की नौदलात जमिनीवरच्या प्रशिक्षण केंद्रालाही जहाजच म्हणतात. फरशीला डेक म्हणायचं, गेटबाहेर चहा प्यायला निघाला तरी 'किनाऱ्यावर जातो' म्हणून परवानगी घ्यायची. ही त्यांची रीतच आहे. तात्यांच्या नशिबात पंधराच्या पंधरा वर्षं अशी चुनाविटांची जहाजं आली. पाण्यातली जहाजं त्यांनी बघितली, पण आपण लग्नात पहिली पंगत बघतो तशी: कडेला उभं राहून.

म्हणून गावी आल्यावर त्यांनी स्वतःचं जहाज काढलं. मैदानाभोवती फक्कीनं, म्हणजे कबड्डीच्या मैदानाला मारतात त्या पांढऱ्या पावडरीनं, एक लांबट रेघ मारली. पुढं टोक, मागं गोल. रेघेच्या आत जहाज, रेघेबाहेर पाणी. पहिल्या दिवशी नवी पोरं रांगेत उभी केली की तात्या उसाकडं हात करून म्हणायचे, "समजा, समोर समुद्र हाय."

पोरं समजायची. करतात काय?

"समजा" हा तात्यांचा शब्द. समजा, वादळ हाय. समजा, डेक हलतोय, धरा एकमेकाला. समजा, ही आमटी हाय. ही शेवटची आज्ञा पाळणं सगळ्यात अवघड जायचं.

आत येताना खांबाला, म्हणजे जहाजाच्या डोलकाठीला, सलाम ठोकून म्हणायचं, "परवानगी असावी, जहाजावर येतो." जाताना, "परवानगी असावी, किनाऱ्यावर जातो." विसरून रेघेबाहेर पाय पडला की तो माणूस पाण्यात पडला. मग तात्या ओरडणार, "माणूस पाण्यात!" सगळी पोरं धावणार, लाल-पांढरे पट्टे मारलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब दोरीला बांधून फेकणार, आणि पडलेल्यानं ती धरून ढेकळांतून पोटावर सरपटत जहाजावर यायचं. मला शिक्षण अधिकारी म्हणून सवलत होती. मी पडलो तर गुडघ्यांवर यायचं.

एका उद्घाटनाला तालुक्यातले एक पुढारी आले होते. नाव घेत नाही. ते कशाचे ना कशाचे तरी अध्यक्ष आहेतच, म्हणून आपण त्यांना अध्यक्षच म्हणू. अध्यक्ष गाडीतून उतरले ते हात जोडत, हसत, मागंपुढं न बघता सरळ रेघ ओलांडून आत आले. परवानगी नाही, सलाम नाही. तात्यांच्या कायद्यात ह्याला कलमच नव्हतं. बाहेरून आत पडलेला माणूस! त्यांनी क्षणभर विचार केला आणि ओरडले, "माणूस पाण्यात!" ट्यूब सुटली ती अध्यक्षांच्या फेट्यावरून खाली उतरून पोटावर जाऊन बसली. पोरांनी ओढ ओढ ओढली. पोट एवढं कर्तबगार, की ट्यूब वर जाईना की खाली येईना. शेवटी अध्यक्षांनी ट्यूबसकट भाषण केलं. ह्या सागरी तालुक्याचा विकास हेच आपलं स्वप्न आहे, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं टाळ्या वाजवायला समुद्र लागत नाही.

ह्या सगळ्या कायद्याला न जुमानणारं माणूस एकच: मालनकाकू, तात्यांच्या पत्नी. पोरांच्या भाकरी त्या करायच्या. टोपलं डोक्यावर घेऊन यायच्या आणि रेघेच्या बाहेर चार बोटांवर थांबायच्या. आत कधी नाही.

"आत या की काकू," मी एकदा म्हणालो.

"कशाला? ह्यास्नी इचारून?" काकूंनी टोपलं खाली ठेवलं. "मास्तर, ही जमीन माझ्या बापानं मला दिली. माझ्या बापाच्या रानात पाय ठेवायला म्या परवानगी मागू? तुमचं जहाज हाय, तर बुडंस्तोवर तितंच ऱ्हावा."

तात्या असं काही कानावर आलं की दुर्बीण लावायचे. दुर्बीण म्हणजे ठिबकच्या पाइपाचा तुकडा. पोरांना सांगायचे, "रसदीचं जहाज आलंय. माल उतरवून घ्या." पोरं रेघेवरून हात लांब करून भाकरी घ्यायची. रसदीचं जहाज पदर खोचून, शिव्या देत परत जायचं.

मग सोमनाथ आला. मोरगावच्या पलीकडच्या कोरडवाहू रानातला. बाजरी, शेळ्या आणि टँकरची वाट बघणं, एवढ्यावर वाढलेला. शेळ्यांमागं पळून पळून त्याच्या पायांना अशी सवय लागली होती की झोपेतही ते चालू असायचे. सकाळी तो दुसऱ्याच शेडमध्ये सापडायचा. गणिताचं सांगायचं तर त्याला सगळं शेळ्यांत मांडून द्यावं लागे. पाण्याची टाकी दोन नळांनी भरते, हे त्याला पटेना; टाकीत पाणी असतं यावरच त्याचा विश्वास नव्हता. पण कळप आणि दोन वाटा म्हटलं की झटक्यात उत्तर.

हा सोमनाथ लेखी परीक्षा पास झाला. आमच्या बोर्डाच्या इतिहासात हे बसत नव्हतं. शारीरिक चाचणीला मुंबईला बोलावणं आलं. आणि एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: ही चाचणी हुकली तर पुढच्या भरतीला त्याचं वय बसत नव्हतं. मग परत शेळ्या. त्याचा बाप येऊन रेघेबाहेर उभा राहिला आणि तात्यांच्या पाया पडायला वाकला. वाकताना डोकं आत गेलं, पाय बाहेर राहिले. तात्यांना ट्यूब फेकावी की नाही कळेना. त्यांनी पहिल्यांदाच डोळ्याला बोट लावलं आणि म्हणाले, "धूळ लई हाय समुद्रावर."

त्याच दिवशी त्यांच्या मनात आलं की पोरगं समुद्राकाठी चाललंय आणि त्यानं गुडघाभर पाणी बघितलेलं नाही. मैदानाच्या वरच्या अंगाला तळं खणायचं.

"तात्या," मी म्हणालो, "चाचणीत पोहणं विचारतच नाहीत. पळणं, उठाबशा आणि जोर. एवढंच."

"बरं. आन् समुद्रात पडल्यावर काय करायचं? उठाबशा काढायच्या?"

मी फावडं घेतलं. तळं खणलं. आता पाणी कुठून आणायचं? वरच्या रानाचे मालक जालिंदरआबा. आबांचं रान कालव्याला चिकटून, आणि आबांची नियत पण. ते म्हणाले, "तात्या, हात्तीच्या, त्यात काय! कालव्याच्या भरावात पाइप घाला माझ्यासारखा. आवर्तन सुटलं, कालव्याला पाणी आलं की तुमचा समुद्र भरला."

"कुणी बघितलं मंजी?"

"बघणारा यील तवा त्यालाच इचारू, पाइप कुणाचा हाय म्हणून. समद्यांचेच हायेत. त्यो लाजून जाईल."

पाइप घालायचा म्हणजे भराव फोडायचा, पाइप ठेवायचा आणि माती ठोकून ठोकून परत बसवायची. हे कालव्याकाठचं शेंबडं पोरगंही जाणतं. पण काम होतं तात्यांच्या देखरेखीखाली. त्यांना माती ठोकण्यात गोडी नव्हती. त्यांना गोडी गाठींमध्ये. नौदलातल्या जेवढ्या म्हणून गाठी आहेत तेवढ्या त्यांनी त्या पाइपाला मारून घेतल्या. पाइप दोन खुंट्यांना असा बांधला की त्सुनामी आली तरी हलायचा नाही. वर चार पाट्या माती टाकली, पायानं दाबल्यासारखी केली. आबा म्हणाले, "तात्या, माती?" तात्या म्हणाले, "आबा, गाठ बघा गाठ."

आवर्तन सुटलं. सोमनाथला मुंबईला निघायचं होतं त्याच सकाळी, हजेरी चालू असताना, वरून आवाज आला. आधी वाटलं की कारखान्याचं काहीतरी आहे. मग आबांच्या उसातून पाणी बाहेर आलं.

पुढं तात्या हा प्रसंग सांगायचे तेव्हा पाणी मानेपर्यंत आलेलं असायचं. मी अतिशयोक्तीच्या विरुद्ध आहे. गुडघ्याएवढंच होतं. पण चारी बाजूंनी होतं. भरावाला एवढं भगदाड पडलं होतं, की त्यातून ट्रॉलीसकट ट्रॅक्टर जावा. आणि पाइप? पाइप जागच्या जागी, दोन खुंट्यांना पक्का बांधलेला, हवेत लोंबकळत होता. गाठ एकही सुटली नव्हती.

मी तात्यांकडं बघितलं. त्यांचा पांढरा पोशाख गुडघ्यापर्यंत भिजला होता. मिशी ताठ. सगळीकडं पाणी, पाण्यावर उसाचं पाचट, एक टोपलं आणि आबांची एक चप्पल. तात्यांचे डोळे लग्नातल्या नवऱ्यासारखे चमकत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरांनो, आता समजू नका. हाय."

आणि मग जो काय आवाज लावला! "सगळे डेकवर! बादल्या घ्या! पाणी बाहेर काढा!"

पोरांनी बादल्यांनी जहाजातलं पाणी उचलून रेघेबाहेर फेकायला सुरुवात केली. पण रेघ कुठंय? फक्की केव्हाच धुऊन गेली होती. इकडचं पाणी तिकडं फेकायचं, तिकडचं इकडं यायचं. कालव्याचं वरचं दार बंद करायला माणूस गेला होता, दुपारपर्यंत पाणी आपोआप ओसरणार होतं. पण कप्तानाला कोण सांगणार?

तेवढ्यात जालिंदरआबा भरावावरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले. एका पायात चप्पल. "ए पोरांनो, बसा! बारामतीची एसटी गेली की मुंबईची गाडी गेली. सोमनाथ्या, ये की!"

सोमनाथ पिशवी डोक्यावर धरून खांबापुढं आला. कडक सलाम ठोकला. "परवानगी असावी, किनाऱ्यावर जातो."

"परवानगी न्हाय," तात्या म्हणाले.

"तात्या..."

"जहाज संकटात असताना किनारा बंद. कायदा हाय."

मला आधी ते चेष्टा करताहेत असं वाटलं. पण तात्या चेष्टा करत नसत. चेष्टा त्यांच्या आजूबाजूला आपोआप होई. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते एकदाचं आलं होतं, आणि पहिल्याच मिनिटाला माणसं उतरायला लागली तर कसलं जहाज? मी म्हणालो, "तात्या, त्याची शेवटची संधी आहे." ते म्हणाले, "मास्तर, बादली घ्या." आणि सोमनाथ? आबा वरून बोंबलत होते, "आरं पळ की! हाय काय तितं, गुडघाभर चिखल!" एका उडीत तो ट्रॉलीत गेला असता. पण तो जागचा हलला नाही. तात्यांनी त्याला इतकं चांगलं शिकवलं होतं, की आता त्या शिकवणीनंच तो बुडत होता. ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं, सोमनाथचा हात कपाळाला तसाच, आणि त्याच्या गालावरनं पाणी ओघळत होतं. ते काही कालव्याचं नव्हतं.

मग मालनकाकू आल्या. साडी गुडघ्यावर खोचलेली, डोक्यावर भाकरीचं टोपलं, पाण्यातून फसक फसक चालत. मी म्हटलं, आता होणार. रसदीचं जहाज आता तोफा डागणार. काकू मैदानापर्यंत आल्या आणि एका जागी थांबल्या. खाली बघितलं, तर नुसतं गढूळ पाणी. पण इतकी वर्षं जिथं थांबल्या होत्या ती जागा त्यांच्या पायांना ठाऊक होती. रेघेबाहेर, चार बोटांवर.

आणि काकू म्हणाल्या, "परवानगी असावी. जहाजावर येते."

बादल्या थांबल्या. आबांनी ट्रॅक्टर बंद केला. तात्यांच्या हातातला ठिबकचा तुकडा पाण्यात पडून वाहत गेला. त्यांनी सलामासाठी हात वर नेला, तो मिशीशीच अडखळला, मग कपाळाला पोचला. म्हणाले, "परवानगी... हाय."

काकू आत आल्या. खांबापाशी, तात्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. हळूच बोलल्या, पण पाण्यावरून आवाज लांब जातो, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"पंधरा वर्सं तुमी गेटावर हुभं ऱ्हायलात. तुमाला कुणी पाण्यात सोडलं न्हाय. म्हणून तुमी बी कुणाला सोडायचं न्हाय व्हय?"

तात्या खांबाकडं बघत राहिले. मग उसाकडं. मग वरच्या ट्रॉलीकडं. त्यांचा तो तीन बैलगाड्या थांबवणारा आवाज, तो आला पण निम्माच. "किनाऱ्याची बोट लावा."

आबांनी ट्रॅक्टर चालू केला. पोरांनी एकामागून एक खांबाला सलाम ठोकला, परवानगी मागितली आणि घेतली. सोमनाथ शेवटी. काकूंनी त्याच्या पिशवीत भाकरी कोंबल्या. तात्या त्याला म्हणाले, "पळताना तोंड मिटून पळ. समजा, मागं शेळ्या न्हायीत, म्होरं हायीत." तो पाण्यातून पळत गेला. पळणं त्याला शिकवावं लागलंच नव्हतं.

"तात्या, तुमी पण चला की!" आबा ओरडले. "पाण्यात काय हुभं ऱ्हायलाय?"

"मला परवानगी कोण देणार?" तात्या म्हणाले. "माझ्या वर कोण हाय हितं?"

ट्रॉली निघाली. मी ट्रॉलीतून मागं वळून बघितलं तर काकूंनी एक बादली पालथी घालून त्यांना बसायला दिली होती.

सोमनाथ निवडला गेला. त्याचा फोन आला तो मोठ्या प्रशिक्षण केंद्रातून, परमुलखातून. म्हणाला, "मास्तर, पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, हे जहाज आहे असं समजा. बाकीची पोरं हसाय लागली. मी सलाम ठोकून मोकळा." आबांनी तो फोन गावभर असा सांगितला, की बुडालेल्या जहाजावरून आबांनीच त्याला पोहून बाहेर काढला होता. तात्यांनी बोर्डावर सोमनाथचा फोटो लावून घेतला. त्याच्या टोपीवर मात्र नांगर काढू दिला नाही. म्हणाले, "त्याच्या टोपीला खरा हाय."

केंद्र त्या हंगामानंतर बंद झालं. वाहून आलेला गाळ चांगला बसला होता आणि काकू म्हणाल्या, रानानं इतकी वर्सं समुद्र सोसला, आता ऊस सोसंल. पोल्ट्रीचे पत्रे विकले, मैदानात सरी काढली, उसाची लागण झाली. खांब तेवढा उभा आहे, उसातून डोकं काढून.

मागच्या खेपेला मी तिकडून येत होतो. काकू आत उसात खुरपत होत्या. नुसता पदराचा लाल रंग हलताना दिसत होता. बांधावर तात्या. नीळ घातलेला सदरा, एका हातात चहाचा तांब्या, दुसऱ्यात दोन पेले. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी बाभळीमागं होतो. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर टाचा जुळवल्या, खांबाकडं तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "परवानगी असावी. आत येतो."

उसातून खुरप्याचा आवाज थांबला नाही.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "एवढी सरी हुंद्या."

आणि तात्या सावधानमध्ये थांबले, चहा निवत असताना.